दुहेरी रेघ

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक चौकोन काढला, एक गोल,
आणि दोघांना जोडायला एक नाही, दोन रेघा.
"सख्खी चुलत भावंडं, म्हणून," त्या म्हणाल्या.
सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.
ट्रॅबझोनच्या हॉस्पिटलातून काळा समुद्र
मुळीच काळा दिसत नाही,
हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

रेघांच्या खाली माझा नवरा:
आतून शाईने भरलेला चौकोन.

सातिल्मिश. म्हणजे विकलेला.
आधीची तीन गेली, म्हणून याला जन्मताच
पिराच्या उंबऱ्यावर विकून टाकला
आणि एका कोंबड्याच्या मोबदल्यात परत घेतला.
मृत्यूला वाटावं, हा माल आपला नव्हे.

सातव्या वर्षी कपाळावर सपाट डाग.
बाराव्या वर्षी बोटांवर चामखिळी.
अंजिराचा चीक लावून झाला.
चामखिळी मोजून तेवढे जवाचे दाणे पुरले,
दाणे कुजतील तशा त्या गळतील म्हणून.
दाणे कुजले.
उगवल्या त्या चामखिळीच.

मी पाचवी मुलगी. नाव येतेर. म्हणजे पुरे.
आमच्याकडे निवडानिवड करायची सवय नव्हती,
असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं.
मागणी घालायला आला तेव्हा रिवाजाप्रमाणे
मी त्याच्या कॉफीत मीठ घातलं, चांगलं मूठभर.
त्याने दोन्ही तळव्यांत कप धरला, ओंजळीत पाखरू धरावं तसा,
तळापर्यंत प्याला
आणि म्हणाला, "जरा अळणी झालीय."

पुढे बोटं एकमेकांत मिळून गेली.
शहरातून कॅमेरेवाले आले. त्यांनी त्याला
हेझलनटच्या बागेत उभा केला, बुंध्याला टेकवून,
आणि छापलं: झाडमाणूस.
माझा जन्म झाडांत गेलाय.
झाडाला खाज सुटत नाही.
झाड रात्री उठून तळवे
विझलेल्या शेगडीच्या गार पत्र्यावर ठेवून बसत नाही.
लघवीला गेल्यावर झाडाला
बायकोला हाक मारावी लागत नाही.

शस्त्रक्रिया अकरा तास चालली.
काढलेलं वजन केलंत का, मी विचारलं.
नर्सला वाटलं, मी वेडी. घरात रोज बाजार मोजणारी बाई मी,
मला आकडा हवा होता.

पट्ट्या सुटल्या तेव्हा बोटं
उंदराच्या पिल्लांसारखी गुलाबी, आंधळी.
चहाचा पेला त्याने कडेला धरला, चिमटीत.
भाजलं. हसला. भाजलेलं बोट दाखवत फिरला वॉर्डभर.

ओळखपत्राच्या कचेरीत आजवर यंत्र म्हणायचं,
पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा.
या खेपेला पडद्यावर भोवरे उमटले, बारीक, दाट.
"हे माझे?"
"मग काय माझे?" कारकून म्हणाला.
कार्डावर मुदत दहा वर्षांची.

तिसऱ्या हंगामात, ऑगस्टात,
डाव्या अंगठ्याच्या कडेला राळ्याएवढा दाणा.
मी बोलले नाही. टोपल्या भरायच्या होत्या,
पाऊस डोंगराआड येऊन थांबलेला.
सुट्टीला बसलो तेव्हा तोच म्हणाला,
"तुला मंगळवारीच दिसला ना?
मला सोमवारी."

एल्मासला काही होणार नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.
माझ्या आणि त्याच्यामध्ये एकच रेघ आहे.
तरी ती झोपली की मी दिवा जवळ ओढते,
तिची बोटं एकेक करून उलगडते.
झोपेत ती मूठ मिटते, माझं बोट आत घेऊन.

ट्रॅबझोनची बस गुरुवारची.
आज तो चहा गार होऊ देत नाही.
ओतला की लगेच उचलतो,
चिमटीत,
कडेला.